मृगापासून मृगापर्यंत

नाशिक रोडला परसबागेचे वर्ष जानेवारीत नव्हे, मृगात सुरू होते. 7 जूनच्या आसपास मृग लागतो आणि एक बरा पाऊस झाला की दोडका, कारले, दुधी, गवार, भेंडी यांचे बी टोकता येते. जेल रोडला गच्चीवर बाग करू पाहणाऱ्या एका भाचीला तिच्या मामांनी पहिल्यांदा हेच सांगितले. मामा प्रेसमधून निवृत्त झालेले. क्वार्टरमागच्या जागेत त्यांनी वर्षानुवर्षे भाजी पिकवलेली. भाचीला मात्र वेगळीच काळजी होती.

“मामा, स्लॅब गळणार नाही ना?”

“स्लॅब गळतो पाणी तुंबल्यामुळे. कुंडी विटांवर ठेव, खालून पाणी वाहून जाऊ दे.”

“आणि वजन?”

“गच्चीभर वाफा घालू नकोस. एक फूट जाडीची ओली माती चौरस मीटरला चारशे किलोंच्या वर जाते. माणसांच्या वावराची गच्ची भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरून बांधतात. म्हणून कुंड्या भिंतीच्या कडेला, तुळईवर ठेवायच्या. मधली गच्ची मोकळी.”

वजन कमी करायचे तर माती कमी करावी लागते. इथली काळी माती शेतात उत्तम, पण कुंडीत ती पावसात चिखल होते आणि उन्हात तडकते. म्हणून तळाला वाळका पाला दाबून भरावा, वर एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा घरचे खत आणि एक भाग कोकोपीट. पाल्याचा विषय निघाला आणि मामांचा आवाज चढला. “रोज सकाळी गल्लीत पाला पेटवतात! वर्षभराचं खत डोळ्यांदेखत जळतं, धूर आपण खायचा आणि खताची पिशवी दुकानातून आणायची. आवारात चार हात माती उरली होती, तिच्यावरही पेव्हर ब्लॉक टाकले.” भाचीने ते ऐकून घेतले आणि विचारले, “पण विटांखाली शेवाळ धरलं तर गळेल का?” पंधरा दिवसांनी कुंड्या हलवून खालची जागा खराट्याने घासायची, एवढेच त्याचे उत्तर होते.

श्रावणात वेल मांडवावर चढतात आणि नवशिक्यांचा जीव खालीवर होतो, कारण पहिली फुले नुसती गळतात. ती नरफुले असतात. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा इवला दोडका आधीपासूनच असतो. दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उमलते, कारल्याचे सकाळी. गच्चीवर मधमाश्या कमी येत असतील तर उमललेले नरफूल तोडावे, पाकळ्या मागे वळवाव्यात आणि त्यातला पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. फळ धरले तर दोन-तीन दिवसांत ते फुगलेले दिसते. नाही तर पिवळे पडून गळते.

दसरा झाला की पालेभाज्यांचा हंगाम. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडायला येते. धणे मात्र चपलेखाली रगडून दोन फाकी करून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. पालक, मुळा, गाजर, वाटाणा याच दिवसांतले. “टोमॅटो?” भाचीने विचारले. “रोपं गणपतीतच लाव. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या थंडीत टोमॅटोची फुलं धरत नाहीत. मेथीला मात्र तीच थंडी मानवते.”

उन्हाळ्यात हट्ट करू नये. एप्रिल-मे महिन्यांत कोथिंबीर नीट उगवत नाही आणि उगवली तरी लगेच फुलावर येते. तेव्हा तांदुळजा, चवळी, गवार आणि भेंडी लावावी, वर हिरवी जाळी बांधावी, कुंडीत पाल्याचे आच्छादन घालावे आणि पाणी भल्या सकाळी द्यावे.

“जाळीच्या खांबांसाठी स्लॅबला भोकं पाडावी लागतील?”

“एकही पाडायचं नाही. डब्यात सिमेंट ओतून त्यात बांबू उभा कर.”

शेवटचा विषय बियाण्याचा, आणि तिथे मामा थांबेनात. सिन्नर ओलांडले की अकोले तालुका. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे घरी जपले आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. “आणि आपण दरवर्षी पाकीट फोडतो,” मामा म्हणाले. पाकिटातले बी संकरित असेल तर त्याच्या बियांपासून तसेच फळ पुन्हा येत नाही. म्हणून सुरुवात गावरान बियाण्याने करावी.

वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका तोडू नये. तो वाळून तपकिरी झाला, हलवल्यावर आत बी खुळखुळू लागले की उतरवावा. बी सावलीत सुकवून राखेत घोळवावे आणि कोरड्या बरणीत पुढच्या मृगापर्यंत ठेवावे.