बिंदू कुठे पडलाय, ते आधी पाहा

अमेरिकेत पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधन शिकवणारे कार्यक्रम असतात. पैसा बरेचदा नॅशनल सायन्स फाउंडेशनचा असतो. विद्यावेतन मिळतं, राहायची सोय होते. यादवी संघर्ष आणि शांतता या विषयावरचा असा कार्यक्रम टेक्सासमध्ये डेंटनच्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठानं घेतलेला आहे. मीही याच विषयात एक उन्हाळा असं शिकले. आता ओळखीतली मुलं विचारायला येतात, त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील. त्यांना आधी पात्रतेचं सांगते: फाउंडेशनच्या या पैशातून विद्यावेतन मिळतं ते अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एफ-1 व्हिसावरच्या मुलानं त्या अर्जात वेळ घालवू नये, आपल्याच विभागातल्या प्राध्यापकांकडे काम मागावं.

खरं सांगायचंय ते पुढचं. आमच्या जोडीकडे नेपाळ होता. माओवाद्यांचं युद्ध फेब्रुवारी 1996 मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर 2006 च्या करारानं थांबलं. डोंगराळ मुलूख बंडाला पोषक ठरतो, असं फिअरन आणि लेटिन यांनी 2003 च्या गाजलेल्या लेखात देशादेशांची तुलना करून मांडलं होतं. आम्हाला एकाच देशाच्या आत पाहायचं होतं: हिंसा रस्त्यापासून किती लांब होते? स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या माहितीसंचात दर घटनेची एक ओळ असते. तारीख, दोन्ही बाजू, मृतांचा अंदाज, अक्षांश-रेखांश. ते नकाशावर टाकले, संगणकानं अंतरं काढली, रस्त्याजवळच्या आणि लांबच्या भागांतला फरक चांगला ठळक आला.

आमच्या मार्गदर्शक पीएच.डी. करत होत्या. त्यांनी नकाशा मोठा केला आणि विचारलं, "रोल्पा जिल्ह्यात इतक्या घटना एकाच बिंदूवर कशा?" उत्तर त्याच तक्त्यात होतं, ठिकाणाच्या अचूकतेच्या रकान्यात. 1 म्हणजे नेमकी जागा ठाऊक, 2 म्हणजे ठाऊक ठिकाणापासून 25 किलोमीटरच्या आत कुठेतरी, 3 म्हणजे फक्त जिल्हा ठाऊक. अशा वेळी घटना जिल्ह्यासाठी धरलेल्या एका बिंदूवर नोंदवतात, सहसा जिल्ह्याच्या मध्यावर. म्हणजे आम्ही मोजत होतो ते त्या मध्यबिंदूचं रस्त्यापासूनचं अंतर. 3 आकड्याच्या ओळी बाजूला काढल्यावर तो ठळक फरक विरून गेला.

उप्सालाच्या लोकांनी काही लपवलेलं नाही; त्यांच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलंय. पण त्यांची बरीचशी माहिती बातम्यांतून येते, आणि दुर्गम भागातल्या बातमीत पुष्कळदा जिल्ह्याचंच नाव असतं. म्हणजे आमचा प्रश्न ज्या मुलखाबद्दल होता, तिथलीच माहिती सगळ्यात ढोबळ. त्या ओळी गाळून टाकणं हाही उपाय नव्हे.

मग काठमांडूच्या इन्सेक या मानवाधिकार संस्थेची वार्षिकं काढली. तिचे प्रतिनिधी जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. नेपाळी देवनागरीतच असल्यानं मला सावकाश का होईना, वाचता येत होतं: नाव, वय, गाविस म्हणजे गाउँ विकास समिती. तक्त्यातली ओळ माणसाची असते हे तिथे कळलं. असं वाचन रोज किती करायचं ते ठरवून घ्या, आणि जोडीदाराशी त्याबद्दल बोला. मला त्याची फार गरज पडली.

पहिला आठवडा माहितीपुस्तिकेला द्या, सांख्यिकीची घाई नको. वर्षात लढाईत 25 माणसं मेली तरच उप्सालाच्या वार्षिक यादीत तो संघर्ष त्या वर्षी चालू धरला जातो. यादीत नाव नाही म्हणून तिथे शांतता होती असं लिहू नका. निर्वासितांच्या मुलाखती घेण्याचा बेत असेल तर नीतिसमितीची परवानगी लागते. आठ-दहा आठवड्यांत ते जमवणं कठीण, तेव्हा छापील साधनांवर भागेल असाच प्रश्न निवडा.

अमेरिकेत जाता आलं नाही म्हणून अडत नाही. उप्सालाचा माहितीसंच फुकट उतरवता येतो. नागपूरच्या किंवा पुण्याच्या मुलीनं त्यात भारत निवडावा, मग गडचिरोली, मग कुठलंही एक वर्ष. अचूकतेच्या रकान्यात जिथे 3 आहे त्या तारखा वहीत उतरवाव्यात आणि ग्रंथालयात जाऊन मराठी दैनिकांची जिल्हा पानं काढावीत. इंग्रजी वृत्तसंस्था जिल्ह्यावर थांबते तिथे मराठी बातमीदारानं तालुका आणि गाव दिलेलं असू शकतं.