टॅब बिघडला? आधी त्याला काय जोडलंय ते पाहा



टॅब अचानक बंद पडला की आपण लगेच म्हणतो, "गेला टॅब!" वेल्ह्याच्या आतल्या वाडीवरून दुरुस्तीसाठी भोरला किंवा थेट पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. खर्च वेगळाच. आणि तोवर वर्ग टॅबविना राहतो. पण पुष्कळदा दोष टॅबमध्ये नसतोच. तो असतो कव्हर, केबल किंवा चार्जरमध्ये. कसा ते पाहू.

१) चुंबकाचे कव्हर
झाकणाच्या काही कव्हरमध्ये छोटे चुंबक असते. टॅबमधला हॉल सेन्सर ते चुंबक ओळखतो आणि 'झाकण मिटले' असे समजून स्क्रीन बंद करतो. झाकण मागे दुमडले किंवा चुंबकाचे दुसरे काही जवळ आले, तरी कधी कधी असेच होते. मोबाईलमधले होकायंत्रही अशा चुंबकाने चुकते. राजगड-तोरण्यावर मोबाईलवर दिशा पाहणार असाल, तर असे कव्हर आधी काढा.

२) चुकीची केबल
केबल म्हणजे नुसती तार नव्हे. आत धन आणि ऋण जोडणी ठरलेली असते. २०१६ मध्ये गूगलचे अभियंते बेन्सन लिउंग बाजारातल्या टाइप-सी केबल तपासत होते. एका केबलमध्ये ही जोडणीच उलटी होती. ती वापरताच त्यांच्या लॅपटॉपचे टाइप-सी पोर्ट निकामी झाले. बाहेरून मात्र ती केबल इतर केबलसारखीच दिसत होती!

३) हलका चार्जर
चार्जिंग लावल्यावर स्क्रीन आपोआप उड्या मारते का? टचस्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतभारातला सूक्ष्म बदल ओळखते. हलक्या चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट त्यात मिसळला, की स्क्रीन गोंधळते. पिन काढली की ती ठीक होते. चार्जर घेताना बीआयएसची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या.

४) ओली पिन
आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पिन ओली असताना चार्जिंग लावले, तर पाणी आणि वीज मिळून धातूचे टोक गंजवतात. मग चार्जिंग तुटक होते. केबल आणि पोर्ट वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. चुलीजवळ धरू नका, आत तार किंवा सुई घालू नका.

दोष कसा शोधायचा?
• टॅबला जोडलेले सर्व काढा, कव्हरसुद्धा.
• नुसता टॅब चालवून पाहा.
• मग एकेक वस्तू जोडा. एका वेळी एकच.
• जी जोडल्यावर त्रास परत येतो, ती वस्तू बाजूला ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही विज्ञानाच्या प्रयोगाचीच रीत आहे.

लक्षात ठेवा: चार्जर किंवा केबल फार गरम झाली, जळका वास आला किंवा टॅब फुगलेला दिसला, तर हात लावू नका. शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्यांना लगेच सांगा.

स्वाध्याय
१. होकायंत्राजवळ कव्हरचे झाकण हळूहळू न्या. सुई हलते का? किती अंतरावर?
२. घरातल्या चार्जरवरील आऊटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर वहीत लिहा. चार्जर आधी बोर्डातून काढा.
३. पिन ओली असताना चार्जिंग का लावू नये? दोन वाक्यांत लिहा.