लाइनीतल्या बायकांचा शनिवार

ग्वाल्हेरमध्ये हजिऱ्याच्या चौकापासून जवळच माझं पापड-मसाल्याचं दुकान आहे. पापड बिर्लानगरच्या मिल-कामगारांच्या लाइनीतल्या बायका लाटतात आणि दर शनिवारी हिशोब होतो. 1992 मध्ये जेसी कापड मिल बंद पडली, तेव्हापासून इथे महिन्याचा पगार येणारी घरं थोडी; बाकीचं उधारीवर आणि आठवड्याच्या हिशोबावर. त्यामुळे बँकेनं माझं खातं गोठवलं, तेव्हा एकाच वेळी कितीतरी चुलींना झळ बसली.

लग्नघरचं म्हणून एकानं भरपूर माल नेला, पैसे क्यूआर कोडवर दिले. ते कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले; तक्रार परराज्यातली. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन गेला की पैसा ज्या-ज्या खात्यांतून फिरला, तिथे तो अडवतात. चोर एटीएममधून काढून पसार होतो, अडकतो तो त्या पैशाच्या बदल्यात माल देणारा. लुबाडलेल्याचे पैसे वाचवायचे तर घाई हवीच, याबद्दल माझी तक्रार नाही. पण वादातली रक्कम सोडून अख्खं खातं कशाला? केरळ उच्च न्यायालयानंही 2023 मध्ये एका प्रकरणात, पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच खातं गोठवा, असं बँकांना बजावलं होतं.

त्या शनिवारी पैसे देता आले नाहीत. एकीनं मुलाच्या फीसाठी व्याजानं उचलले. उडदाचं पीठ देणारा रोखीवर अडला. आणि ‘पोलिसांनी खातं पकडलं’ ही बातमी मोहल्ल्यात फिरली, ती वेगळीच.

तुमच्यावर वेळ आली तर आधी बँकेकडून लेखी घ्या: गोठवणूक किती रकमेवर, कोणत्या थान्याची, तक्रार क्रमांक काय. ‘वरून आलंय’ एवढ्यावर काउंटर सोडू नका. क्रमांकाशिवाय काही हलत नाही. मग तपास अधिकाऱ्याला पक्कं बिल, माल खरेदीची पावती आणि ती रक्कम जमा झाल्याची नोंद दाखवणारं खात्याचं विवरण ईमेलनं पाठवा. कच्च्या चिठ्ठीवर धंदा करणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

उत्तर आलं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली. खातं पोलीस याच संहितेच्या कलम 106 नुसार जप्त करतात आणि तसं दंडाधिकाऱ्याला कळवणं त्यांना बंधनकारक आहे. कळवलं का, ते विचारा. बँक खातं ही जप्त करता येणारी ‘मालमत्ता’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यात ठरवलंय, तेव्हा ‘खातं जप्त करताच येत नाही’ असं भांडण्यात अर्थ नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही. ‘पाच हजारांत खातं खुलवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परतवा.

लाडली बहना योजनेचे पैसे येणाऱ्या खात्यावर दुकानाचा क्यूआर लावू नका. दुकानाचं खातं अडकलं तरी घरखर्चाचं सहसा चालू राहतं.

हल्ली मोहल्ल्यातल्या पोरांना कमिशन देऊन खातं, एटीएम कार्ड आणि सिम मागणारे फिरतात. अशा पोराचं खातं गोठलं तर ‘गरिबाचं खातं’ म्हणून त्याची बाजू घेऊन मी थान्यात जाणार नाही. त्याच्याच खात्यातून पैसा माझ्या गल्ल्यापर्यंत येतो.