सौर कृषिवाहिनी व दिवसाचे ओलीत

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव भीमा नदीच्या काठी वसलेले आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते महाराष्ट्रभर परिचित आहे. तालुक्यातील नदीकाठच्या गावांत विहीर, नदी व विजेचा पंप यांच्या आधारे ऊस व इतर बागायती पिके घेतली जातात. मोट गेली आणि पंप आला, तेव्हा शेतकऱ्याचे कष्ट पुष्कळच हलके झाले. परंतु पंपाबरोबर एक नवी अडचणही आली. कृषिपंपांना तीन फेजची वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळत असल्याने शेतकऱ्यास आठवड्यातील काही रात्री दारे धरण्यासाठी उभे राहावे लागते. अंधारात पाय घसरणे, विंचू-सर्पाचा दंश होणे, ओल्या हाताने स्टार्टरला स्पर्श होणे हे धोके नित्याचेच आहेत. त्यांत अलीकडे बिबट्याची भर पडली आहे. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड व जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत जीवितहानी झाली. उसाच्या फडात बिबट्या लपून राहत असल्याने रात्रीचे ओलीत हा आता केवळ गैरसोयीचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न झाला आहे. या प्रश्नावर सौर ऊर्जेचा उपाय कसा लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

पाण्यापासून सूर्यापर्यंत

स्वच्छ विजेची परंपरा या भागास नवी नाही. वढूपासून जवळच तुळापूर येथे भीमेस इंद्रायणी मिळते. याच इंद्रायणीच्या उगमाकडील लोणावळा परिसरात टाटा कंपनीने तलाव बांधले व त्यांचे पाणी घाटाखाली नेऊन १९१५ साली खोपोली येथे वीज निर्माण केली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली. कोळसा न जाळता मिळणारी ही वीज मुंबईच्या गिरण्यांस व रेल्वेस उपयोगी पडली.

तथापि या प्रगतीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. मुळशीच्या धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार, म्हणून १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट हे त्याचे पुढारी होते. सत्याग्रहानंतरही धरण झाले व जमिनी पाण्याखाली गेल्या. पुढे २०११ साली त्याच मुळशीत टाटा पॉवर कंपनीने तीन मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प उभारला. एकच कंपनी, एकच मुलूख. परंतु साधन पाण्याऐवजी सूर्यप्रकाश. वीज स्वच्छ असली, तरी तिला जमीन लागतेच. म्हणून जमीन कोणत्या अटींवर दिली जाते, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी जितका महत्त्वाचा होता तितकाच आजही आहे.

कृषिवाहिनीची योजना

राज्यातील बहुतेक कृषिपंपांना वीज पुरविण्याचे काम महावितरण कंपनीकडे आहे. राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली ही कंपनी अस्तित्वात आली. २०१७ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आखली आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा जाहीर झाला. पुढे त्याचे उद्दिष्ट सोळा हजार मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आले. या टप्प्यातील छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथील तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ साली प्रथम कार्यान्वित झाला.

कंपनीचा यात स्वतःचाही लाभ आहे. सौर प्रकल्पाची वीज युनिटला सुमारे तीन रुपयांच्या आसपास पडते आणि ती उपकेंद्राजवळच निर्माण होत असल्याने दूरवरून वाहून आणण्यात होणारी गळती वाचते. शेतीच्या विजेचा भार उद्योगांच्या वीजदरावर पडतो, तोही त्यामुळे हलका होऊ शकतो.

वाहिनी कशी चालते?

गावाजवळच्या उपकेंद्रातून कृषिपंपांसाठी स्वतंत्र वाहिनी निघते. उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर पट्ट्यांचा प्रकल्प उभारून त्याची वीज उपकेंद्रात सोडली जाते व तेथून ती पंपांकडे जाते. शेतकऱ्यास आपला पंप, स्टार्टर किंवा वीजजोडणी बदलावी लागत नाही.

हिशेब सोपा आहे. एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार हजार युनिट वीज देतो. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालल्यास सुमारे तीस ते पस्तीस युनिट वीज लागते. म्हणजे एका मेगावॅटवर सुमारे सव्वाशे पंप पूर्ण आठ तास चालू शकतील. प्रत्यक्षात सर्व पंप रोज आठही तास चालत नाहीत. वीज कमी पडल्यास उपकेंद्र ती मुख्य जाळ्यातून घेते. ढगाळ दिवसांत निर्मिती घटते. परंतु पावसाळ्यात ओलिताची गरजही कमीच असते. उन्हाळ्यात गरज वाढते, त्या वेळी ऊनही भरपूर मिळते.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. मुख्य जाळ्याचा पुरवठा बंद पडला, तर वाहिनीवर काम करणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी सौर प्रकल्पही आपोआप बंद होतो. म्हणून ऊन असूनही वीज नाही, असा प्रसंग येऊ शकतो. तो प्रकल्पाचा दोष नव्हे.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाने एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत विजेची सवलत दिली आहे. त्यामुळे अशा शेतकऱ्यांच्या दृष्टीने या योजनेचा खरा लाभ बिलात नसून वेळेत आहे. रात्रीची झोप व जिवाची सुरक्षितता हाच तो लाभ होय.

जमीन देण्यापूर्वी

एक मेगावॅटसाठी साधारणपणे चार एकर जमीन लागते. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद करण्यात आली. म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार रुपये होतात. मुळशीच्या वेळी जमीन कायमची गेली. येथे मालकी शेतकऱ्याकडेच राहते. परंतु करार पंचवीस वर्षांच्या आसपासचा असतो. एवढ्या काळात घरातील एक पिढी बदलते, हे विसरू नये. यासाठी पुढील गोष्टींची खातरजमा करून घेणे इष्ट होय :

१. सातबारा उतारा निर्वेध असावा. सर्व सहहिस्सेदारांची, विशेषतः बहिणींची व वृद्ध आईची, लेखी संमती घ्यावी.

२. बारमाही बागायतीची काळी जमीन शक्यतो देऊ नये. मुरमाड, माळरानाची किंवा पडीक जमीन निवडावी.

३. भाडे कोणाकडून, कोणत्या तारखेस व कोणत्या खात्यात जमा होणार, हे करारात स्पष्ट असावे.

४. मुदत संपल्यावर पट्ट्या व पाया काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कोणाची, हे वाचून पाहावे.

५. शेजाऱ्यांची वहिवाट, पाणंद व ओढ्याचा प्रवाह अडणार नाही, याची मोजणीच्या वेळीच खात्री करावी.

स्वतंत्र सौर पंप

ज्यांच्याकडे पाण्याचे साधन आहे, पण पूर्वीची वीजजोडणी नाही, त्यांच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच व त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची किंवा वाढलेल्या उसाची सावली पडणार नाही अशा जागी बसवाव्यात. त्यांवरील धूळ सकाळी किंवा सायंकाळी स्वच्छ पाण्याने धुवावी. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

पाण्याचे भान

दिवसा व बिनखर्ची वीज मिळू लागली, की पंप विनाकारण चालू ठेवण्याचा मोह होतो. नदीकाठच्या शेतकऱ्यास पाणी मुबलक वाटले, तरी शिरूर तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेत आहे. एका विहिरीचा अतिरेकी उपसा शेजारच्या विहिरीस बाधतो. उसास ठिबक पद्धतीने पाणी दिल्यास पाणी वाचते व जमीन खारवत नाही. सूर्याची वीज उद्या पुन्हा मिळेल. उपसलेले भूजल उद्या परत येईलच असे नाही.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

ग्रामकार्यकर्त्याने प्रथम आपल्या गावाच्या कृषिपंपांची वाहिनी कोणत्या उपकेंद्रावरून निघते व त्या उपकेंद्रासाठी सौर प्रकल्प मंजूर आहे काय, याची महावितरणच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करावी. नंतर ग्रामसभेत ही माहिती ठेवावी. गायरानाची जमीन सुचविताना तेथील चराई व वहिवाट यांचा विचार व्हावा. वाहिनीवर दिवसा वीज सुरू होईपर्यंत रात्रीच्या ओलितासाठी दोघातिघांनी मिळून जाणे, हाती बॅटरी व काठी ठेवणे, वाकून काम करताना एकाने पहारा करणे या गोष्टींचा आग्रह धरावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात आठवड्यातून किती रात्री ओलीत करावे लागते?

२. प्रकल्पासाठी देता येईल अशी हलकी जमीन गावाच्या शिवारात कोठे आहे?

३. वीज दिवसा मिळू लागल्यास विहिरींचा उपसा मर्यादेत ठेवण्यासाठी गावाने कोणते नियम करावेत?