क्षेत्रकार्याला आलेल्या मुली

सातारा

चि. सोनू,

आष्ट्याच्या केंद्रावर समाजकार्याच्या दोन विद्यार्थिनी यंदा तुझ्या हाताखाली दिल्यात, हे दादाकडून कळलं. फार बरं वाटलं. पण त्यांना फुकटची माणसं समजू नकोस. रजिस्टरं भरायला आणि कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायला त्या आलेल्या नाहीत. बऱ्याच संस्थांत हेच चालतं आणि मला त्याची चीड येते. 1936 साली मुंबईत नागपाड्याला देशातली समाजकार्याची पहिली शाळा निघाली, तेव्हापासून वर्गातलं शिक्षण आणि वस्तीतलं काम जोडीनं चालत आलंय. वस्तीतलं शिकवणारी आता तू.

आठवड्यातला एक तास प्रत्येकीसाठी वेगळा राख. फोन बंद, दार लोटलेलं. समोर तिचा अहवाल घे. ‘कुटुंबाचे समुपदेशन केले’ असं वाक्य आलं की तिथंच थांब आणि तिला विचार. बाई नेमकं काय म्हणाली? त्यावर तू काय म्हणालीस? ती गप्प झाली तेव्हा काय केलंस? बहुतेक वेळा असं निघतं, की बाई गप्प झाली आणि पोरीनं घाईघाईनं सल्ला देऊन टाकला. त्या शांततेची तिला भीती वाटली. हे तिच्याच तोंडून येऊ दे, तू सांगून मोकळी होऊ नकोस.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतील, फडाजवळ कोप्या पडतील. कॉलेजची वेळ दहा ते पाच. त्या वेळी कोपीवर सापडतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं, कोयत्यावरची बाई पहाटेच फडात गेलेली असते. मग अहवालात येतं, ‘महिलांचा प्रतिसाद नाही.’ कसा असेल? भेटीची वेळ बदलून दे. मात्र संध्याकाळी एकटीला धाडू नकोस. दोघी जाऊ देत, सोबत तुझी जुनी कार्यकर्ती. आणि मुकादम शेजारी उभा असताना मिळालेलं उत्तर खरं धरू नकोस.

पहिल्याच दिवशी एक बजावून ठेव: ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन लहान मुलाला द्यायचं नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. दिलेलं वचन मोडलं की ते पोर पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही. असं काही कानावर आलं तर त्याच दिवशी तुला फोन, पुढचं तू बघ. बाकी नावं अहवालात नकोत, एसटीत चर्चा तर नकोच. सांगलीच्या गाडीत शेजारी त्याच बाईची जाऊ बसलेली असते.

कृष्णाकाठी 2019 च्या महापुराचा विषय अजून निघतो. सांगता सांगता माणूस रडायला लागलं तर घड्याळ बघून उठता येत नाही. म्हणून परतीची गाडी जवळ आली की अवघड विषय काढायचाच नाही, हे शिकव.

एखादीला दुसऱ्याचं ऐकताना स्वतःच्या घरातलं आठवेल, तासाला रडेल. ऐकून घे, धीर दे, पण तिची समुपदेशक तू होऊ नकोस. त्यासाठी दुसऱ्या कुणाकडे पाठव.

वर्षअखेर गुणांचा तक्ता येईल. दोघींना सारखे गुण देऊन सुटका करून घेऊ नकोस. जी कमी पडते आहे तिला समोर बसवून सांग, आणि तेही दिवाळीच्या आत, म्हणजे सुधारायला तिला निम्मं वर्ष हाताशी राहील.

तुझी,
आत्या