भाच्याची जुनी बॅटरी

पुणतांब्यात टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही, आणि विजेरी हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर कधी पडलाच नाही. आमची ती बॅटरी. शेतीपंपाची थ्री फेज लाईट इथं पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची असली की एक वाजता उठायचं, मोटर चालू करायची आणि उजाडेपर्यंत दारं धरत बसायचं. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप आमच्या गावातून सुरू झाला, तेव्हा बाहेर गाजली ती कर्जमाफी. पारावर मात्र रात्रीच्या लाईटचं गाऱ्हाणं आधीही होतं, नंतरही राहिलं. जिथं सौर वाहिनीवरून दिवसा वीज मिळू लागली, त्या गावांचा हेवा वाटतो. त्यात उसात बिबट्याची वस्ती.

दोन दिवाळ्यांमागं पुण्याचा भाचा आला. रात्री गड चढायचा त्याचा नाद लग्नानंतर सुटला होता. "मामा, माझी बॅटरी पडून आहे. २०१३ ची आहे, पण दणकट. पंधराशे द्या." दहा-अकरा वर्षांची बॅटरी, तीही नात्यातली, घासाघीस करायची पंचाईत. पंधरा दिवस मागून घेतले. तेवढ्यात जे कळलं ते हे.

१. आकड्यांत खरा कोणता ते आधी ओळखावं.

भाच्यानं खोकं जपून ठेवलं होतं. त्यावर ८५० ल्युमेन. इकडं बाजारात सातशे रुपयांच्या बॅटरीवर ५०,००० ल्युमेन छापलेले. मी म्हटलं, भाचा मला गंडवतोय. मग हिशेब केला. त्याच्या बॅटरीत क्री कंपनीचा एक्सएम-एल२ हा एलईडी आहे. त्या काळचा असा एलईडी एका वॉटला साधारण १०० ल्युमेन द्यायचा. ५०,००० ल्युमेन हवे तर ५०० वॉट लागतील, म्हणजे जवळपास पाऊण हॉर्सपॉवर. मुठीत मावणाऱ्या सेलवर मोटर चालवायचा प्रकार झाला हा. छापणाऱ्याला शून्यं फुकट असतात.

खोक्यावर दुसरा आकडा होता, ४०,००० कँडेला, आणि त्यापुढं ४०० मीटर. ल्युमेन म्हणजे एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय ते. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटर मिळतात, ४०,००० चं वर्गमूळ २००, दुप्पट ४००. पण त्या अंतरावर उरतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. चांदण्यात माणूस दिसतो, ओळखू येत नाही.

म्हणून खांबांवर तपासलं. मळ्याच्या रस्त्याला विजेचे खांब आहेत. दोन खांबांत माझी साठ पावलं भरली. चौथ्या खांबाशी धाकट्या पोराला उभं केलं. माणूस आहे, हातात खोरं आहे, एवढं स्पष्ट. पाचव्याशी गेला तर नुसतं काहीतरी हलतंय. खोक्यावरच्या अंतराचं निम्मं कामाचं धरावं. आणि अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट लागतात, हे नवीन बॅटरी दाखवणारा दुकानदार सांगत नाही. भाच्याच्या दीडपट कँडेलाची नवी बॅटरी घेतली असती तर धाकटा चौथ्याऐवजी जेमतेम पाचव्या खांबाशी दिसला असता. त्या एका खांबासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायला माझा जीव होईना.

२. लांब झोत उसात आंधळा करतो.

हे कुणीच सांगितलं नव्हतं. बांधावरून, नदीच्या बाजूला झोत टाकला की जीव सुखावतो. तोच उसाच्या सरीत टाकला, तर चार हातांवरचं पाचट पांढरंफेक होतं, डोळे दिपतात आणि त्यामागं काळं भिंताड. हिवाळ्यात गोदावरीवरून धुकं आलं की तसंच, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर. तिथं हवा मंद, पसरट उजेड. भाच्याच्या बॅटरीला तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची पायरी नसती तर मी ती घेतली नसती. नव्या महागड्या बॅटऱ्यांत लुकलुकणारा, डोकं उठवणारा प्रकार असतो, त्याचा मला आजवर एकदाही उपयोग झालेला नाही.

पहिल्याच रात्री घासाच्या वाफ्यात झोत टाकला तर शेकडो हिरवट ठिपके चमकले. छातीत धस्स झालं. जवळ जाऊन वाकून पाहिलं तर कोळी! बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि त्यांचे डोळे हिऱ्याच्या खड्यासारखे. आमच्या आबांच्या जुन्या बॅटरीच्या पिवळ्या उजेडात त्याच वाफ्यात चाळीस वर्षं ते दिसले नव्हते. बिबट्या दिसला का, असं गावात सगळे विचारतात. नाही दिसला. वनखातं सांगतं तसं मी मोबाईलवर गाणी लावून, खाकरत, काठी आपटत जातो. बॅटरी बिबट्याला शोधायला नाही, आपण येतोय हे त्याला कळायला.

३. दिवा म्हातारा होत नाही, सेल होतो.

आबांकडं तीन सेलची स्टीलची बॅटरी होती. सेल मंदावले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि सांगायचे, "आजची रात्र निघंल." निघायची, कारण ऊब मिळाली की सेलातली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते. पण सेल कुठल्याही दुकानात मिळायचे, हे त्या बॅटरीचं खरं बळ.

एलईडीचं आयुष्य हजारो तासांत मोजतात. माझ्या रात्री वर्षाला शंभरच्या आसपास, रोज तीन-चार तास. दहा वर्षांत चार हजार तासही होत नाहीत. भाच्यानं तर वर्षातनं आठ-दहा गड केले. तेव्हा दिव्याबद्दल मी निर्धास्त होतो. आत दोन १८६५० सेल होते. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. माप सर्रास मिळणारं, म्हणजे निम्मी काळजी मिटली. बॅटरीतच कोंबून बसवलेला, कंपनीच्याच घडणीचा सेल असता, तर फुकट दिली तरी नको म्हटलं असतं.

गावातल्या वायरमनकडं मल्टिमीटर लावला. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम सेलला ४.२ व्होल्ट दिसायला हवेत. एकाला ३.६ निघाले, दुसऱ्याला १.९. वायरमन म्हणाला, "काका, हा मेला. याला चार्जिंगला लावू नका, पेटायचा." एक मेला तर जोडीही जाते, दोन सेल एकामागं एक लावायचे तर एकाच वयाचे, एकाच जातीचे लागतात.

मग नवे सेल. बाजारात ९९०० एमएएच लिहिलेला सेल दीडशेला मिळाला. या मापात चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपासच जातो. सराफाच्या काट्यावर ठेवला. तो हसला, पण तोलून दिला. २८ ग्रॅम. भाच्याचा मेलेला सेल ४६ ग्रॅम. म्हणजे नव्यात मालच कमी. पुण्याहून भाच्यानंच खात्रीची जोडी पाठवली, नऊशे रुपये लागले.

४. एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. याआधी एका ओळखीच्याकडून मी दुचाकीच्या हेडलाईटएवढी मोठी चार्जिंगची बॅटरी घेतली होती, शिश्याच्या सेलची. दिवाळीपर्यंत झकास. मग दिवसाची पाळी लागली, ती खुंटीला टांगली आणि विसरलो. उन्हाळ्यात काढली तर चार्जच घेईना. शिश्याचा सेल उतरलेला ठेवला की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो बाद होतो, हे तेव्हा कळलं. विकणाऱ्याला बोल लावून उपयोग नव्हता, चूक माझीच.

५. बटण, रबर, चुडी.

झाकण उघडून हिरवा किंवा पांढरा थर आहे का पाहावं. होता थोडा. खोडरबरानं घासला, गेला. झाकणाच्या चुड्यांवरचं काळं रबरी कडं वाळून तडकलं होतं, ते मोटर दुरुस्तीवाल्याकडं दहा रुपयांत मिळालं. बटण शंभरदा दाबून पाहिलं. चार वेळा दगा दिला. तेवढं चालतं.

६. किंमत.

पंधराशेतनं सेलाचे नऊशे वजा केले आणि भाच्याला सहाशे पाठवले. त्यानं फोन केला, "मामा, तुम्ही तर अडत्यापेक्षा कडक." म्हटलं, नुसता सांगाडाच विकलास तू. सेल चांगले निघाले असते तर पंधराशेही दिले असते, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता ती बॅटरी दाराच्या खुंटीवर असते. परवा धाकट्यानं एक नवी, टाईप-सी वायरची आणली, चार्जिंगला सोपी म्हणून. ती घरात, वीज गेली की. मळ्यात जाताना हात अजून जुनीकडंच जातो. आज रात्री एकची लाईट आहे, सेल दुपारीच लावून ठेवलेत.