शंखपुष्पी आणि फिटची गोळी

परीक्षा जवळ आली की आपल्या होस्टेलच्या कपाटांत एक बाटली हमखास सापडते. शंखपुष्पीचे नाहीतर ब्राह्मीचे सिरप. स्मरणशक्ती वाढावी म्हणून सुटीवरून निघताना घरच्यांनी ट्रंकेत घातलेले. "आयुर्वेदिक आहे, अपाय काही नाही," असे सांगूनच ते दिलेले असते. पण शरीरात दुसरे एखादे औषध आधीच चालू असेल तर?

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांना हा प्रश्न प्रत्यक्ष पडला होता. अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या दोन रुग्णांना फेनिटोइन ही गोळी चालू होती आणि फिट आटोक्यात होत्या. त्या पुन्हा येऊ लागल्या. दोघेही त्या काळात शंखपुष्पीचे एक तयार औषध घेत होते. त्यात शंखपुष्पीबरोबर जटामांसीसारख्या इतरही वनस्पती होत्या. डॉक्टरांनी मग उंदरांवर प्रयोग केले आणि १९९२ साली शोधनिबंध छापला.

फेनिटोइन काय करते ते आधी पाहू. दहावीत आपण शिकतो की न्यूरॉनमधून संदेश विजेच्या रूपाने जातो. त्यासाठी सोडियमचे कण पेशीच्या बारीक दारांतून आत शिरावे लागतात. फिट येते तेव्हा असंख्य न्यूरॉन एकदम आणि पुन्हा पुन्हा संदेश सोडू लागतात. फेनिटोइन ही दारे काही काळ मिटून धरते. मात्र रक्तात ते साधारणपणे एका मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम एवढेच असावे लागते. कमी पडले तर फिट येऊ शकते, जास्त झाले तर तोल जातो, डोळ्यांची बुबुळे थरथरतात, गुंगी येते. म्हणजे हे औषध तारेवर चालणारे आहे.

आता उंदरांचा निकाल. शंखपुष्पीचे औषध एकदाच दिले तेव्हा रक्तातले फेनिटोइन कमी झाले नाही, तरी त्याचा फिट रोखणारा परिणाम घटला. रक्तात गोळी पुरेशी होती, पण काम होत नव्हते! बरेच दिवस दिल्यावर मात्र परिणामही घटला आणि रक्तातले प्रमाणही उतरले. मला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. शंखपुष्पीचे ते औषध एकटे दिले तर तेही थोडेफार फिट रोखत होते. दोन्ही औषधे एकाच बाजूची, तरी एकत्र आल्यावर जोर वाढण्याऐवजी कमी झाला.

उलटही घडते. मिरी आणि पिंपळीत पायपेरिन असते. ते फेनिटोइनचे रक्तातले प्रमाण वाढवते, असे निरोगी माणसांवरच्या प्रयोगात १९८७ साली दिसले. सुंठ, मिरी, पिंपळी यांचे त्रिकटू चूर्ण आपल्याकडे खोकल्यावर सर्रास घेतात. आमटीतल्या चिमूटभर मिरीने कोणी घाबरू नये, पण रोज चमचाभर चूर्ण ही वेगळी गोष्ट आहे.

मेंदूतली आणखी एक जोडी सांगतो. सर्पगंधेतील रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करते. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असते आणि मेंदू त्यापासून डोपामिन तयार करतो. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन देऊन प्राणी निपचित पाडले आणि लेव्होडोपा देऊन त्यांना पुन्हा हिंडते केले. त्यांना २००० साली नोबेल मिळाले. पार्किन्सनच्या रुग्णांना आजही लेव्होडोपाच्या गोळ्या देतात. अशा आजोबांनी त्यावर खाजकुयलीचे चूर्ण घेतले तर लेव्होडोपाचा डोस नकळत वाढतो. सर्पगंधा घेतली तर गोळीच्या विरुद्धच काम सुरू होते.

बंगळुरूत राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची अडचण आहे, नावाची. इथे कन्नड माणूस शंखपुष्प म्हणतो ते बहुधा आपल्या गोकर्णीच्या निळ्या फुलाला. उत्तरेकडच्या शंखपुष्पीचा वेल जमिनीवर पसरणारा आणि वेगळाच. ब्राह्मीचेही तसेच. इथल्या बाजारात चटणीसाठी ओंदेलगाची पाने मिळतात, त्यांना ब्राह्मी म्हणतात, आणि बाकोपा नावाच्या दुसऱ्या वनस्पतीलाही ब्राह्मीच म्हणतात. त्यामुळे "ब्राह्मी घेतो" एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. बाटलीवरचे घटक दाखवावे लागतात.

पण मुळात आपण सांगतच नाही. एम.आय. रूममध्ये "सध्या काही औषध चालू आहे का?" असे विचारले की कॅडेट "नो सर" म्हणून मोकळा होतो. सिरप त्याच्या हिशेबात औषध नसतेच. घरी आजीचेही तेच. गोळ्यांचा कागद ती दवाखान्यात नेते, चूर्णाचा डबा फडताळातच राहतो.

पालकांसाठी एवढेच, की घरात कोणाला फिटची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. अचानक थांबवली तर फिट येण्याचा धोका असतो. सिरप कधीपासून घेतले ते डॉक्टरांना सांगावे. फेनिटोइनचे रक्तातले प्रमाण साध्या रक्ततपासणीत मोजता येते. ते उतरले असेल तर का उतरले, हे शोधायला डॉक्टरांना ती तारीख लागते.